मोडीच्या भावात

बाजाराच्या दिवशी, पिंपळनेरात, भर दुपारी
ती दुकानात आली आणि थाळ्या वाजवू लागली.
गिऱ्हाईक भांडं उलटं करतं, बुडाला अंगठा दाबतं, भाव पाडतं.
हिनं प्रत्येक थाळीला टिचकी मारली
आणि कान पुढे केला,
जसा भिंतीपलीकडच्या बोलण्याला करावा.

स्टीलच्या सतरा झाल्या.
"ह्या नुसत्या बोलतस," म्हणाली, "गातस नही."

सोनकीबाई बहिरम. वार्शाच्या वरच्या पाड्यावरची.
पिशवीत मेणाचा गोळा, फडक्यात गुंडाळलेली एक काडी,
नवऱ्याच्या चिमटीनं मधे बारीक झालेली.

कुणी गेलं की तो रात्रभर बसायचा.
थाळीत मेण, मेणात उभी काडी,
ती वरून खाली ओढत राहायची, ओढत राहायची,
आणि कणसरीची कथा, उजाडेपर्यंत.
मागे झेल धरणारा बारडोलीला ऊस तोडायला गेला
तेव्हापासून मागे ही.
नवराच गेला त्या रात्री पुढची जागा रिकामी होती.
जाणत्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
ही सरकली पुढे.
वाट सांगितल्याशिवाय त्याला सोडणार कसं,
एवढंच म्हणाली मला.
थाळी मात्र दिरानं वाटणीत नेली, आणि विकली.

मला काय सुचलं, आईचं ताट काढलं.
कासं. रुखवतातलं. घासून घासून पिवळं धमक.
म्हटलं, आवडलं तर न्या.
एकच टिचकी.
"यामा चीर शे, भाऊ."
उजेडात धरलं, फिरवलं. चीर कुठेच नव्हती.
चाळीस वर्षं जेवतोय यात, मी जरा तोऱ्यातच.
"जेवाले चालस."

मग मोडीच्या ढिगात बसली.
समईचे पाय, तांब्यांचे कान, एक घंटा बिनलोळाची.
तासाभरानं काळी थाळी वर आली, कडेला ठोके,
मागे कोरलेलं : चि. गोदूस, मामांकडून.
टिचकी मारली. तो आवाज
संपला कधी, मला सांगता येणार नाही.
दारात कुणीतरी कुकरचा भाव दोनदा विचारला म्हणे.

मी मोडीचा भाव लावला.
तरी घासाघीस केली तिनं, आठ रुपये कमी दिले.

मार्गशीर्षात गेलो पाड्यावर, थंडी मरणाची.
थाळीपुढे तिची नात, नववीतली, बोटांना राख लावून.
अंगणभर भुंग्यासारखा घुमणारा सूर,
आणि कुठली कोण ती गोदू,
तिचं नाव जमिनीकडे तोंड करून गात होतं.
पहाटे बायका कमरेत हात घालून गोल फिरल्या.
त्यांत सोनकीबाई. एका जागी पोर चुकली;
म्हातारीचा पाय थांबला नाही, नुसती मान वळली.
पोरीनं ती ओळ परत घेतली.

हल्ली जेवायला बसलो की
आईच्या ताटाला आधी टिचकी मारतो.
बायको विचारते, काय झालं?
काही ऐकू येत नाही अजून.
जेवतो.