उलटा मास्क

सावईवेऱ्याच्या मांडवात, जत्रेचं नाटक तासावर,
आणि चंद्र चौकोनीच उगवत होता.
मास्कचा नियम तसा सोपा:
पांढऱ्यातून उजेड जातो,
काळं अडवतं.
मी फाईल बदलली, माप ताडून पाहिलं,
केबलला दोन शिव्या दिल्या कोंकणीत.
शेवटी मास्क लागला, पण उलटा.
चंद्राएवढा काळोख मधे,
बाकी सगळं लख्ख, पार विंगेपर्यंत.
तिथं स्टुलावर सगुणमाम,
मांडीवर वही, चष्म्याला दोरा,
तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजणारा.
गांगरला. वहीनं तोंड झाकलं.
एक टिक काढली की झालं असतं.
"रावूं दी मगो," पेटीवरून प्रेमावती म्हणाली,
"आमी केन्ना पळयला ताका?"