मऊ

"आता कशी लोण्यासारखी बदलते,"
एइला कांगास म्हणाली,
"तीस वर्षं पाठीत लाथ मारत होती मेली."
एकाहत्तर वर्षांची. केविनॉच्या आडरस्त्यांवर टपाल वाटते,
उजवीकडे सरकून बसते, डावा पाय लांबवून पेडल दाबते,
आणि तिला लोणी आवडलंय.
मी हसलो नाही.
तो गिअरबॉक्स मीच खोलला होता, मीच भरला होता.

चावी मागून घेतली, टेकडीपर्यंत नेली.
पहिल्यातून दुसऱ्यात ठीक, ठीकच म्हणायचं.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
इंजिनाचा सूर चढला आणि गाडी होती तिथेच,
एक, दीड,
एवढा वेळ कुणी कुणाला धरलेलंच नाही.
मग हळूच धरलं.
हा मऊपणा नव्हे, बाई.
आत चकत्या एकमेकींवर घासत राहतात,
घट्ट न मिठता,
काळ्या पडत जातात कागदासारख्या.
आणि गाडी कुरकुरत नाही.
जळणारं बऱ्याचदा कुरकुरत नाही.

माझा भाऊ तौनो. दर रविवारी फोन.
हवा, मग मासे, मग गुडघे,
विषयातून विषयात एक धक्का नाही.
सव्वीस वर्षं.
कधीतरी कांडी काढून ऑइलचा वास घ्यायला हवा होता.

असो. गाडी लिफ्टवर.
रात्रभर मनात सगळं पुन्हा खोललं:
पोलादी छर्रे अंड्यांच्या पुठ्ठ्यात मोजून ठेवले होते,
मोजले तसेच बसवले का?
अ‍ॅक्युम्युलेटरची स्प्रिंग उलटी गेली?
सील दुमडलं? व्हॉल्व्ह अडकतोय?
आणि खाली, सगळ्याच्या खाली,
डाव्या हाताची दोन बोटं,
ऑगस्टपासून बधिर.
कुणाला सांगितलेलं नाही.

सकाळी गेज लावलं.
पार्कमध्ये साठ पौंड. बरोबर.
थ्रॉटलची केबल हाताने पूर्ण ओढली
आणि काटा चढत चढत एकशे साठवर जाऊन थांबला,
स्थिर, उर्मट, निरोगी.
म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटात काही नाही.
इतकं बरं वाटलं की कॉफी प्यायला बसलो,
कॉफी थंड होईपर्यंत लक्षात आलं
की मग चूक बाहेर आहे,
आणि बाहेरही हात माझाच होता.

इंजिन बंद केलं. मार्लिसला म्हटलं,
पेडल दाब. तळाला. अजून.
"तळालाच आहे," ती ओरडली.
केबल सरकली, सरकली,
शेवटचं बोटभर सोडून थांबली.
एइलाचा पाय सांगत होता टेकडी,
गिअरबॉक्सला ऐकू येत होतं सपाट मैदान;
तो बिचारा तेवढ्याच जोराने धरत होता.

दोन खाचा.
केबल बसवताना खट् खट् वाजतं,
ते कानाला लागत नाही एवढ्या हीटरच्या घरघरीत,
बोटांना लागतं.
लागायचं.

खाचा सरळ केल्या. कांडी पुसली, ऑइल नाकाशी धरलं:
लाल, किंचित करपट,
पण किंचितच. वेळेत सापडलं.
टेकडीवर तिसरा पडला तेव्हा
डॅशबोर्डवरचा टपालाचा रबरी शिक्का उडून खाली आला.

एइला संध्याकाळी फेरी मारून आली, पाठ चोळत.
"पुन्हा लाथ."
"हो."
"लोणी गेलं."
"लोण्यात तुमचे क्लच वितळत होते."
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं चुकीच्या पत्त्याच्या पाकिटाकडे पाहत असेल,
आणि बिल मागितलं.
मी लिहिलं: केबल, दोन खाचा. पैसे नाहीत.

बर्फाची पहिली भुरभुर दिव्याखाली. शटर अर्ध्यावर.
मार्लिस पाने पुसून जागच्या जागी लावत होती.
मी डावा हात तिच्यासमोर धरला,
दोन बोटं दाखवली, सांगितलं.
ती म्हणाली, "माहीत आहे.
तुमच्या हातून पडलेले नट
हल्ली मीच वेचते."