पिवळी प्रत

रोडेल इलोइलोला कायमचा परत गेला
तेव्हा पंधरा रियालला त्याची टॅब्लेट घेतली मी.
सोबत एक पेन, तीन निबा,
आणि काळ्या पाटीच्या डाव्या अंगाला
झिजून गुळगुळीत झालेली एक जागा.
तो डावखुरा होता.
दोन वर्षं एका गोदामात काम केलं आम्ही,
आणि हे मला त्या डागावरून कळलं.

सोहार. लाँड्रीच्या वरची खोली.
खालून इस्त्रीची वाफ, वरून एसीचं ठिबकणं,
मधे मी, मांडीवर पाटी घेऊन.
काढायचं इथे, बघायचं समोर पडद्यावर.
पहिल्या रात्री माझाच हात मला सापडेना.
वर्तुळ काढायला गेलो.
इनायत चहा घेऊन वर आला, म्हणाला,
बटाटा छान जमलाय, उस्ताद.

जेवताना वीज गेली
तर घास काय नाकात जातो?
असं स्वतःला बजावून शंभर रेघा मारल्या.
शंभरच्या शंभर जाड,
नांगराला बांधाव्यात अशा.

या पेनला दाब कळतो म्हणे.
हलकं टेकवलं तर केस, रेटलं तर दोरखंड.
माझा दोरखंडच.
अकरा वर्षं चलनं लिहितोय:
पांढरी प्रत गिऱ्हाइकाला, गुलाबी हापिसात,
पिवळी ड्रायव्हरला, गेटवर दाखवायला.
मधे दोन कार्बन.
पिवळीवर अक्षर उमटायचं तर
मनगट पुरत नाही, खांदा लावावा लागतो.
घरी फोनवरही मी तसाच बोलतो,
बायको म्हणते.

एक गोष्ट मात्र पटेना.
दोन बटणं दाबली की रेघ गेली.
डाग नाही, ओरखडा नाही, कुणाला जाब नाही.
आमच्याकडे एक आकडा खोडला तरी शेजारी सही लागते.
पहिला आठवडा मी
चुकलेली रेघ तशीच ठेवून
बाजूला आद्याक्षरं टाकत होतो. मो. द. खे.

गुरुवारी रात्री पाटी घेऊन खाली गेलो.
शुक्रवारसाठी धुतलेले दिशदाशे,
चाळीसेक, हँगरवर, एकामागे एक.
पांढऱ्या पडद्यावर पांढरा कपडा काढायचा कसा?
इनायत पाणी शिंपडता शिंपडता म्हणाला,
कपडा कोण बघतो?
मी तर सुरकुतीच बघतो.

मग पेन टेकवलं.
टेकवलं असं नाही, त्याच्या वजनावर सोडून दिलं.
खांद्याखाली एक करडी रेघ आली,
आहे की नाही अशी.
एक काखेत.
एक गळ्याशी, गोंडा लोंबतो तिथे.
आणि काहीच न काढलेल्या जागेला
एकदम छाती आली.

इनायतने इस्त्री उभी करून ठेवली,
हात पुसले, वाकून बघितलं.
बटाटा म्हणाला नाही.

रविवारी सकाळी अब्देलगनी
रंगाचे बारा ड्रम घेऊन निघाला
आणि गेटवरून उलटा फिरला.
पिवळी प्रत उन्हात धरून म्हणाला,
यावर काहीच नाही, भाई.

नव्हतंच.
तिरकी धरली तर होतं थोडं.
दुसरं चलन फाडलं,
आणि खांदा लावून
पुन्हा लिहून दिलं.