अंगठा

लेंगऱ्यात माणसं थोडी, कुलपं जास्त.
बाकीचं गाव गलाईच्या मुशीपाशी
कटक, सेलम, लुधियाना
आणि ग्रुपवर.

रोज सकाळी हौसाक्का फोटो टाकते:
विट्याच्या एसटीचा थांबा, त्याखाली कुत्रं.
कधी कुणाचं दार. ‘कडी नीट हाय.’
आम्ही ॲसिडच्या वासात
तेवढं बघतो, मग भट्टी पेटवतो.

मंगळवारी फोटो आला नाही.
नऊला सेलमहून विचारणा, दहाला कटकहून.
लुधियान्याचा बजाबा, ज्याचं तिच्याशी
बांधावरून पाच वर्षं बोलणं बंद,
त्यानं लिहिलं:
कुणीतरी जाऊन बघा रं.

कोण जाणार? सगळे इथंच.

अकराला एक फोटो पडला.
हललेला, काळपट, फार जवळून
नुसता तिचा अंगठा.

खाली लगेच बजाबाचा,
पिवळा.

मी भट्टी पेटवली.