रविवारी, दहा नंबरचा पाना

अंबड चौफुलीला गाडी थांबली की थरथरायची.
पोरं म्हणायची, मावशी, व्हॅनला थंडी वाजतीय.
एप्रिलमधे, जालन्यात.

तर आज ड्रायव्हरची सीट उचलली.
आठ वर्षं मी इंजिनावरच बसतेय,
बूड भाजतं म्हणून ठाऊक होतं,
तोंड आज पाहिलं.

युनूसमिस्त्रींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय.
हिरवा चष्मा लावून अंगणात
दुधाच्या क्रेटवर बसलेत, गॅरेजला कुलूप.
"खोलनार तुमी, आयकनार मी."

आधी बॅटरीची मायनस.
मग क्लॅम्प, मग हवेचा रबरी पाईप,
त्याला आतून तेलाचा घाम.
फिल्टरच्या डब्यात निघालं
मोंढ्यातल्या सोयाबीनचं भूस,
जिनिंगसमोरची रुई,
रोलिंग मिलची काळी पूड, जी आमच्या पापडांवरही बसते,
आणि कुंभारीण माशीचं मातीचं घर,
रिकामं.

चार बोल्ट. तिसरा हलेना.
शिवी द्या, मिस्त्री म्हणाले.
दिली. हलला.

थ्रॉटल हातात आला,
तांब्याच्या गळ्याएवढा,
आत गोल पितळी पाकळी.
तिच्या कडेनं थर,
तव्याच्या पाठीवर असतो तसा कोरडा नव्हे,
गुळाच्या कढईच्या काठाला जळून धरतो
तसा, चिकट.

"बाजी, तितली को जोर नक्को लगाव."
नाही लावत.
माझ्या हातात सुदर्शनचा टूथब्रश आहे,
लातूरला क्लासला जाताना राहून गेलेला,
केस एका अंगाला वाकलेले, तो घासायचाच तसा, रागानं.
कणीक मी अजून दोघांची मळते.

स्प्रे मारला की काळं पाणी ओघळतं
खाली अंथरलेल्या फीच्या वहीच्या पानांवर:
हुजैफा, जमा.
आराध्या, जून-जुलै बाकी.
स्वराली पुढं काय लिहिलं होतं, आता वाचता येत नाही.

फडकं, परत फडकं.
पाकळीची कड पिवळी दिसायला लागली
तेव्हा ऊन पायरी सोडून तुळशीपाशी गेलेलं.
सगळं उलट्या क्रमानं लावलं.
चावी फिरवली

आणि गाडी बोंबललीच.
पाय नुसता टेकलासुद्धा नव्हता आणि ती चढावर असल्यागत
ओरडायला लागली, शेजारचा कोंबडा पत्र्यावर.
मिस्त्री, बिघडवली मी!

त्यांनी तळहात वर केला.
"बिघडली नाई. इतके दिवस रस्ता बुजलेला,
म्हनून ती पाकळी जरा ज्यादा उघडी धरायची.
मालकिणीला कळू बी दिलं नाई. तीच सवय पडली.
आता मोकळं झालं, ते तिला कुठं म्हाईत?
दहा मिनिटं द्या. रेस देऊ नका, बंद करू नका."

दहा मिनिटं.
मी पायरीवर बसले.
नखातला काळा रॉकेलनं निघेना, तो तसाच.
मिस्त्री मान एका बाजूला कलती करून,
जसं कुणी आतल्या खोलीतलं बोलणं ऐकतं.

सहाव्या मिनिटाला आवाज एक पायरी उतरला.
मग आणखी एक.
मग इतकी सावकाश बसली
की डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली स्थिर,
आणि मागच्या दाराची कडी खुळखुळतीय
हे आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं.

ते पुढच्या रविवारी, मी म्हटलं.
आणि मुठीत उरलेला वॉशर
आवाज न करता ओट्यावर ठेवला.

"एकच राहिला ना?"
मिस्त्रींनी विचारलं.