रकाना क्रमांक चार

ओहोटी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी.
उम्म अल कुवैनच्या खाडीत आम्ही तिघं उतरतो,
गमबुटात चिखल, गळ्यात पाटी :
मी, मोतालेब, आणि स्वातकडचा गुलजमान,
जो एरवी एक्स्कॅव्हेटर चालवतो
आणि मोजताना चाळिसाच्या पुढे हमखास चुकतो.

इथं तिवराला कुर्म म्हणतात.
पहिल्या दिवशी मी वाकून कासव शोधलं होतं.
मग पानाची पाठ चाटून पाहिली. खारट.
म्हणजे तेच, वाघोटनच्या खाडीतलं.
माझ्याआधी कधी आलं, कुणाच्या व्हिसावर, कोण जाणे.

कंपनीनं खाडीचं एक टोक बुजवलं,
बदल्यात बारा हजार झाडं द्यायची.
तारखेसकट, दंडासकट. बंधनकारक.
पहिल्या वर्षी तक्त्यात रकाने दोनच :
उभी. आडवी.
मेलेलं रोप चिखलात छान उभं राहतं,
जिवंतापेक्षा ताठ.
अकरा हजार नऊशे ऐंशी उभी.
साहेबांनी बिर्याणी मागवली.

मग बद्रिया आली, सरकारी तपासनीस,
अबायाची कड गुडघ्यापाशी खोचून
एकेका खोडावर नख ओढत गेली.
खाली हिरवं दिसलं की पुढे.
तपकिरी दिसलं की थांबायची,
बोलायची नाही, आमच्याकडे नुसती बघायची.
दुपारपर्यंत मला माझीच नखं लपवावीशी वाटली.

पुढच्या वर्षी तक्त्यात चार रकाने.
तिसरा : आज हिरवं.
चौथा : तीन वर्षांनी हिरवं.

आमच्या गावच्या खाडीलाही कागद होता.
त्यावर एक शब्द होता, यथावकाश.
यथावकाश कांदळवनाचे संवर्धन करण्यात येईल.
भाऊ फोनवर म्हणतो, कोळंबीचे तलाव झालेत सगळीकडे.
अवकाश तेवढा राहिलाय.

मोतालेब विचारतो, कायद्यानं कधी झाड उगवतं का, दादा?
नाही उगवत.
फेब्रुवारीत उंट शिरले, साठ रोपं खाऊन गेले,
त्यांना कुठलं कलम लावणार?

पण मला साडेबारा माहीत आहेत.
मी नवा होतो तेव्हा, जुलैत,
फोरमन म्हणायचा, एवढी ओळ संपवू.
चांगला माणूस. घरून लोणचं आलं की वाटायचा.
ओळ संपायची नाही.
तिरुनेलवेलीचा सेल्वम ओळीच्या टोकाला टेकला
तो उठलाच नाही.
मग नियम आला : उन्हाळाभर
साडेबारा ते तीन बाहेर काम नाही, नाहीतर दंड.
फोरमन तोच. ऊन तेच. लोणचंही तेच.
पण साडेबाराला फावडं खाली.
ती सावली कुणाच्या चांगुलपणातून आली नव्हती,
म्हणून तर रोज आली.

झाडांनाही कुणीतरी साडेबारा द्यायला हवेत,
एवढंच म्हणतो मी.

आज चौथा रकाना.
गुलजमान चाळिसापाशी चुकला,
परत पहिल्यापासून, नख ओढत, कंटाळा न करता.
चार हजार तीनशे बारा.
साहेबांचा फोन : उभी किती आहेत?
तो रकाना दुसरा, साहेब. ही चौथ्याची मोजणी.
पलीकडे बराच वेळ एसीचा आवाज.
मग : म्हणजे पुन्हा लावावी लागणार?
लागणार.

परतताना खुंट्यांच्या बाहेर एक रोप दिसलं,
आमच्या दोरीत न बसणारं,
भरतीनं आणून टाकलेलं, दोन पानं,
डोक्यावर बियांच्या सालीची टोपी अजून तशीच.
हे कुठं लिहू?
मोतालेब म्हणाला, नको लिहू. हे आपलं नाही.
गुलजमाननं वळसा घातला.
मग मीही घातला,
आणि बुटात पाणी शिरायला लागलं.