महूतचा माहूत

गावाचं नाव महूत.
पहिल्या दिवशी एकटाच हसलो.
कुणाला सांगणार, आमच्याकडे माहूत
हत्तीवर बसतो म्हणून?
इथे हत्ती नाही. लाल रंगाची
चार चाकांची फटफटी आहे,
तिच्या फाटक्या सीटवर दिलबहादूरने
सिमेंटच्या गोणीचं ठिगळ शिवलंय.
मागे तिवई, पाण्याचे दोन कॅन,
माझ्या पाठीला बांधलेला रोव्हरचा दांडा
आणि डोक्यावर अँटेनाची पांढरी तबकडी, छत्रासारखी.
असा निघतो मी पहाटे पाचला, अंबारीतून.

मोठी गाडी डांबरावरच थांबते.
पुढे सबखा.
वर मिठाचा पापुद्रा, टम्म फुगलेल्या भाकरीचा असतो तसा,
खाली चिखल, किती खोल ते आम्हीही मोजलेलं नाही.
मागल्या वर्षी एक डंपर गेला त्यात.
त्याचं टप अजून दिसतं.

मुसल्लम चाकाशी उकिडवा बसतो,
व्हॉल्व्हमध्ये काडी खुपसून हवा सोडतो.
"फुगलेलं बुडतं," म्हणतो, "सैल झालेलं तरतं."
तत्त्वज्ञान नाही हे.
तो टायरबद्दलच बोलतोय.

मग दर पन्नास मीटरला उतर,
दांडा टेकव, बुडबुडा मधोमध आण,
सात उपग्रह, नऊ, अकरा,
बीप.
पुन्हा बस. ढुंगण भाजतं. पुन्हा उतर.

बाबा मोजणी खात्यात. त्यांची सायकल होती.
कॅरिअरला गोणपाटात गुंडाळलेली साखळी
खड्ड्यात चाक गेलं की खळखळायची,
आणि तेवढ्या आवाजावर वाडीतले सख्खे भाऊ
जेवण टाकून उठायचे,
आपापल्या बांधावर उभे राहायला.
वीतभर जमिनीसाठी तीन पिढ्या तारखा.
इथे सकाळपासून सतरा किलोमीटर झाले,
हरकत घ्यायला कुणी नाही.
पंच म्हणून एक उंट आला होता,
सही न करताच गेला.

सबखा संपते तिथे खडीचा उंचवटा.
पाइपलाइनची रेघ त्याच्या मधून, सरळ.
मुसल्लमने पुढे जाऊन इंजिन बंद केलं.
गुडघाभर उंचीचे दोन दगड,
एक उशाशी, एक पायथ्याशी.
पलीकडे आणखी दोन. मग एक जोडी अगदी लहान,
मधलं अंतर माझ्या हातभर.
"कोण?"
"ठाऊक नाही."
चप्पल काढून उभा होता तो, तापल्या खडीवर.

अकरा मीटर सरकवली रेघ.

गुरुवारी मस्कतहून कुरियनचा फोन :
सरळ लाइन मध्येच वाकते का?
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलंय, जमीन मऊ.
पहारसुद्धा शिरली नसती तिथे.

बाबांचा एक नकाशा आहे माझ्याकडे.
एका शिवारात बांध सरळ येता येता
अचानक कुशीवर वळतो, मग पुन्हा सरळ.
शेऱ्यात काहीच नाही.
विचारायचं राहून गेलं.

डांबराशी आलो की पुन्हा हवा भरायची.
पंप मोठ्या गाडीच्या बॅटरीवर चालतो,
एका चाकाला चार मिनिटं.
दिलबहादूर काळा चहा ओततो, मुसल्लम
टायरला कान लावून बसलाय, कुठून तरी बारीक सुटतेय म्हणतो.
मी बूट काढून उलटे करतो.
मीठ पडतं.